दातांतला दुष्काळ

१९७२च्या दुष्काळात मी दोन वर्षांचा होतो. आई पाथर्डी तालुक्यात दुष्काळी कामावर खडी फोडी. घरात मिलो आणि सुकडी. आज माझ्या समोरच्या दातांवर एक आडवी खाच आहे. ती दुष्काळाचीच, असे छातीठोक सांगता येत नाही, गोवराचीही असेल. पण काळ जुळतो.

हाड मोडले तर सांधते; दाताचे कवच, म्हणजे इनॅमल, पुन्हा बनत नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात उगवताच संपतात. समोरच्या पक्क्या दातांचे इनॅमल जन्मानंतर काही महिन्यांत घडू लागते, ते साधारण पाचव्या वर्षापर्यंत. त्या काळात उपासमार वा मोठे दुखणे आले, की थर पातळ पडतो आणि पुढे तिथे कीड लवकर धरते.

संगमनेरजवळच्या जोर्वे गावाचे नाव लाभलेल्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीतली मुले इनामगावच्या उत्खननात सापडली. त्यांच्या दुधाच्या सुळ्यांवरचे असे दोष जॉन लुकाक्स व सुभाष वाळिंबे यांनी अभ्यासले. तीन हजार वर्षांनीही ते वाचता आले.

म्हणून किडक्या दाताचा सगळा दोष ब्रशवर ढकलू नये. यंदाही पाथर्डी-शेवगावचे कोयते ऊसतोडीला निघतील. फडावरच्या कोपीत खेळणाऱ्या दोन वर्षांच्या पोराचे पक्के दात आत्ताच, हिरडीखाली घडत आहेत.