कर्ज, लाज आणि टाळाटाळ: पैशाच्या भावनिक सवयींचा अभ्यास

वैयक्तिक अर्थव्यवहाराच्या अभ्यासक्रमात व्याज, हप्ता, अंदाजपत्रक हे सारे शिकवले जाते. परंतु कर्जात अडकलेल्या माणसाला गणित येत नसते असे नाही. त्याला बँकेचा संदेश उघडवत नाही, ही खरी अडचण असते. प्रस्तुत पाठाचा विषय हीच अडचण आहे. उदाहरणे दिल्ली आणि राजधानी परिसरातील घेतली आहेत. तेथील जुने राजेंद्रनगर आणि मुखर्जीनगर या भागांत स्पर्धा परीक्षांसाठी देशभरातून, अर्थात महाराष्ट्रातूनही, विद्यार्थी येतात. त्यांपैकी अनेकजण घरून येणाऱ्या पैशावर राहतात. शिवाय कर्जवसुलीच्या अलीकडच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण गुरुग्रामशी जोडलेले आहे.

न पाहण्याची सवय

समजा, राजेंद्रनगरमध्ये खोली घेऊन राहणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या क्रेडिट कार्डावर 30,000 रुपये बाकी आहेत. व्याज दरमहा 3.5 टक्के आणि भरायची किमान रक्कम 5 टक्के, म्हणजे 1,500 रुपये. त्याने 1,500 भरले आणि सुटकेचा श्वास सोडला. आता हिशेब पाहू. महिन्याचे व्याज 1,050 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 189 रुपये. मुद्दलातून कमी झाले फक्त 261 रुपये. शिवाय मागील बाकी शिल्लक असल्यामुळे नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही मिळत नाही. ‘किमान रक्कम’ भरल्याने दंड टळतो, कर्ज जवळजवळ तसेच राहते. पण मनाला मात्र ‘या महिन्याचे झाले’ असे वाटते, आणि विवरणपत्र पुढच्या महिन्यापर्यंत उघडले जात नाही.

या टाळाटाळीला वर्तनवादी अर्थशास्त्रात ‘शहामृगी परिणाम’ म्हणतात. (शहामृग प्रत्यक्षात वाळूत डोके खुपसत नाही, बिचाऱ्याची बदनामी झाली आहे.) कार्लसन, लोवेनस्टीन आणि सेप्पी यांनी 2009 मध्ये दाखवले की बाजार पडतो तेव्हा गुंतवणूकदार आपले खाते कमी वेळा पाहतात. वाईट बातमी खरी असतेच. ती पाहिल्याने होणारा त्रास तेवढा पुढे ढकलला जातो. गुंतवणुकीत यामुळे फारसे बिघडत नाही, कधीकधी फायदाही होतो. कर्जाचे तसे नाही. तेथे न पाहिलेल्या प्रत्येक दिवसाचे व्याज लागते.

दुसरी सवय खर्चाच्या क्षणाची आहे. प्रेलेक आणि लोवेनस्टीन यांनी 1998 मध्ये पैसे देताना होणाऱ्या वेदनेचा विचार मांडला. खिशातून नोट काढताना काहीतरी टोचते, आणि हे टोचणे उपयोगी असते. कार्ड किंवा ‘आता घ्या, नंतर द्या’ ही सोय खरेदीचा आनंद आणि पैसे देण्याचे दुःख यांची फारकत करते. अभ्यासाच्या ताणाने थकलेला मुलगा रात्री अकराला जेवण मागवतो तेव्हा तो जेवणाबरोबर दिलासाही विकत घेत असतो. त्यात गैर काही नाही, पण तो दिलासा उधारीवर आहे हे त्या क्षणी त्याला जाणवत नाही.

मात्र सगळा दोष सवयींवर टाकणे चुकीचे ठरेल. मणी, मुल्लइनाथन, शफीर आणि झाओ यांनी तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध केला. तेच शेतकरी पीक हाती येण्याआधी, म्हणजे चणचणीच्या काळात, विचारशक्तीच्या चाचण्यांत कमी पडले आणि पीक आल्यावर त्यांची कामगिरी सुधारली. माणसे तीच होती, फक्त खिसा बदलला होता. ‘मी मूर्ख आहे म्हणून अडकलो’ या स्वतःवरील आरोपाला हे चांगले उत्तर आहे.

लाज हेच तारण

मराठीत ‘तगादा’ आणि ‘धरणे’ हे दोन्ही शब्द वसुलीशी जोडलेले आहेत. धनको ऋणकोच्या दाराशी उपाशी बसत असे, आणि गावाच्या नजरेमुळेच ऋणको पैसे देई. प्रसंगी पापाचे भयही घातले जाई. 1860 च्या भारतीय दंडसंहितेत दैवी कोपाचे भय घालण्याचा गुन्हा सांगणाऱ्या कलम 508 चे पहिले उदाहरण दाराशी धरणे धरून बसणाऱ्याचेच होते.

बेकायदा कर्ज-अ‍ॅपनी हेच दार मोबाइलमध्ये शोधले. पद्धत अशी: 5,000 रुपये मंजूर, ‘शुल्क’ कापून हाती 3,500, आणि सात दिवसांनी परतफेड पूर्ण 5,000. एका आठवड्यात जवळजवळ 43 टक्के. तारण काही नाही. पण अ‍ॅप उतरवून घेताना फोनमधील संपर्क यादी आणि छायाचित्रे उघडण्याची परवानगी दिलेली असे. हप्ता चुकला की मामा, शिक्षक, वर्गमैत्रीण यांना संदेश जात. डिसेंबर 2020 मध्ये, काही कर्जदारांच्या आत्महत्यांनंतर, हैदराबाद पोलिसांनी हैदराबाद आणि गुरुग्राम येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. जानेवारी 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्यगट नेमला. त्याच्या अहवालात सुमारे 1,100 कर्ज-अ‍ॅपपैकी सुमारे 600 बेकायदा असल्याचे नोंदले आहे.

या व्यवसायाचा पाया गणितापेक्षा लाजेवर होता. ऋणको घरी सांगणार नाही आणि पहिले कर्ज फेडायला दुसरे अ‍ॅप उघडेल, हे गृहीत धरलेले होते. गुप्तता मोडली की वसुली करणाऱ्याचे मुख्य हत्यारच बोथट होते.

सवय मोडताना

म्हणून पहिले काम पैशाचे नसून सांगण्याचे आहे. घरचा, मित्रांतला कोणीही एक माणूस निवडावा आणि त्याच्यासमोर बसून सगळी देणी एका कागदावर लिहावीत: कोणाचे, किती, व्याज काय, तारीख कोणती. मित्राकडून घेतलेले पाचशेही लिहावेत. ‘वडिलांना कळले तर काय’ ही भीती खरी असते, पण वसुली करणाऱ्याकडून कळण्यापेक्षा मुलाकडून कळलेले केव्हाही बरे. ताण असह्य झाला, जीव नकोसा वाटू लागला, तर कागद बाजूला ठेवून प्रथम ‘टेलिमानस’च्या 14416 या सरकारी क्रमांकावर बोलावे.

फेडीचा क्रम कोणता? गणित सांगते, सर्वांत महाग कर्ज आधी. प्रयोगांत मात्र माणसे लहान रकमेचे खाते आधी मिटवताना दिसतात, कारण यादीतील एक नाव कमी झाल्याचे समाधान मिळते. प्रस्तुत लेखकाचे मत असे की व्याजाचाच क्रम धरावा. पण एखादे छोटे देणे रोज झोप उडवत असेल तर ते आधी मिटवायला हरकत नाही. आठवड्यातून एक ठरलेली वेळ, उदा. रविवारी सकाळी पंधरा मिनिटे, खाते पाहण्यासाठी ठेवावी. एरवी दिवसभर त्याच विचारात राहू नये.

आपले हक्कही माहीत असावेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यात यावी लागते, वार्षिक खर्चाचा दर दाखवणारे मुख्य तथ्य विवरण आधी द्यावे लागते, विचार बदलल्यास ठरावीक मुदतीत दंडाशिवाय कर्ज परत करता येते आणि अ‍ॅपला संपर्क यादी उघडता येत नाही. 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकाने थकबाकीसाठी सकाळी 8 पूर्वी व संध्याकाळी 7 नंतर फोन करण्यास मनाई केली. धमकी आली तर संदेशांची छायाचित्रे जपून ठेवावीत आणि 1930 या सायबर गुन्हे क्रमांकावर कळवावे. नोंदणीकृत बँक वा वित्तसंस्था असेल तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही.