एका ओळीची कमांड: आधी पाहा, मग पुसा

आज टर्मिनलवर एका ओळीत होणारी तीन कामं बघू. कमांड मी बोलतोय तशाच इथे उतरवल्या आहेत. टाइप करताना छोट्या इंग्रजी अक्षरांत लिहा.

मुळात एका ओळीत एवढं काम होतं कसं? उत्तर आहे पाइप, म्हणजे ती उभी रेघ. बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांनी 1964 मध्येच एका टिपणात सुचवलं होतं, की बागेतले नळ जोडतो तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. केन थॉम्प्सन यांनी 1973 मध्ये ते युनिक्समध्ये आणलं. एका प्रोग्रॅममधून जे बाहेर पडतं, तेच पुढच्याच्या पोटात जातं. बस, एवढंच.

पहिलं काम. डिस्क भरली, जागा कोणी खाल्ली?

डीयू -एसएच * | सॉर्ट -एच

डीयू प्रत्येक फाइल-फोल्डरचा आकार सांगतो, सॉर्ट लहानाकडून मोठ्याकडे लावतो. सगळ्यात मोठा भिडू शेवटच्या ओळीत, अगदी नजरेसमोर येतो. मात्र डॉटने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली त्या स्टारमध्ये येत नाहीत, हे लक्षात ठेवा.

दुसरं काम. वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये सर्वांत जास्त वेळा कोणता पत्ता आला?

कट -डी' ' -एफ1 ॲक्सेस.लॉग | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -आरएन | हेड

कट पहिला रकाना काढतो. नेहमीच्या लॉगमध्ये तिथे आयपी पत्ता असतो. मग सॉर्ट दोनदा कशाला? कारण युनिक (यू-एन-आय-क्यू) फक्त शेजारशेजारच्या ओळी ताडून बघतो. सारख्या ओळी आधी एकत्र आणल्या नाहीत, तर मोजणी चुकते, आणि चुकली हे कळतही नाही. एरर येत नाही ना! म्हणून ओळ एकदम लिहू नका. एक कडी जोडा, चालवा, बघा, मग पुढची जोडा.

ही सवय तिसऱ्या कामात खरी उपयोगी पडते, कारण इथे फाइली पुसायच्या आहेत. टर्मिनलवरून पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. आधी फक्त यादी काढा:

फाइंड . -टाइप एफ -नेम '*.टीएमपी' -एमटाइम +30

+30 म्हणजे नेमकं सांगायचं तर किमान 31 दिवस जुन्या. यादी नीट वाचा. पटली, की तीच ओळ परत आणा (वरच्या बाणाची कळ दाबा) आणि शेवटी -डिलीट लावा. शेवटीच बरं का! फाइंड अटी डावीकडून उजवीकडे तपासतो. -डिलीट आधी आलं, तर नाव बघण्याआधीच पुसायला सुरुवात होते, आणि त्या फोल्डरखालचं सगळं जातं.

एक प्रश्न आलाय: "फाइंडची यादी पाइपने एक्सआर्ग्ज आरएमला दिली तर?" चालतं, पण धोका आहे. एक्सआर्ग्ज मोकळ्या जागेवर नाव तोडतो. 'जुना अहवाल' नावाची फाइल असेल, तर 'जुना' आणि 'अहवाल' अशा दोन फाइली शोधल्या जातील. आणि 'अहवाल' नावाची वेगळी फाइल तिथे असलीच, तर बिचारी नाहक जाईल. त्यासाठी फाइंडला -प्रिंट0 आणि एक्सआर्ग्जला -0 द्या. मग नावं मोकळ्या जागेवर तुटत नाहीत.

घरी एक करून बघा. रिकामं फोल्डर बनवा, त्यात नावात जागा असलेल्या चार-पाच फाइली ठेवा आणि हे प्रयोग तिथे करा. खऱ्या फाइलींकडे त्यानंतरच वळा. पुढच्या भागात ग्रेप आणि सेड.