डीएसएलआरवर व्हिडिओ: घ्यावा की मोबाईलच बरा?

पहिल्या पगारातून सेकंडहँड डीएसएलआर घेताय? आधी काय शूट करणार ते ठरवा.

२००८ मध्ये कॅननच्या फाइव्ह-डी मार्क टूने फुल एचडी व्हिडिओ दिला. २०१० मध्ये ‘हाऊस’ मालिकेचा एक अख्खा भाग त्यावर शूट झाला. कारण मोठा सेन्सर: कमी उजेडातही चित्र स्वच्छ, मागचं सगळं मस्त धूसर.

पण व्हिडिओच्या वेळी आतला आरसा वर जातो, व्ह्यूफाइंडर काळा होतो. जुन्या मॉडेल्सचा ऑटोफोकस अडखळतो, आणि कॅमेऱ्यातला माइक लेन्सच्या मोटरची घरघरही पकडतो. झटकन पॅन केलं की विजेचे खांब तिरके!

म्हणून माझं मत: मुलाखत, शॉर्टफिल्मसाठी जरूर घ्या, ट्रायपॉड आणि वेगळ्या माइकचं बजेट धरून. ट्यूबलाइटखाली शटर १/५० ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं. वरातीत नाचत शूट करायचंय? मग मोबाईलच काढा.