पाडलेल्या स्लॅबची खडी नव्या घराला चालते का?

सोलापुरात १५ जून २०२३ रोजी श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची नव्वदेक मीटर उंचीची चिमणी पाडली, ते दृश्य अनेकांनी मोबाइलवर पाहिले असेल. विमानतळाला अडथळा ठरलेली ती चिमणी काही सेकंदांत खाली आली. एवढा मोठा ढिगारा एकदम पडला की साऱ्यांचे लक्ष जाते. गावोगावी रोज थोडा थोडा पडणारा राडारोडा मात्र ओढ्यात किंवा रस्त्याच्या कडेला जाऊन बसतो.

करमाळा तालुक्यातील जेऊरचेच घ्या. रेल्वे स्टेशनचे गाव असल्याने बांधकामे होतच असतात. जुना स्लॅब पाडून दोन मजले चढवायचे ठरले की मालकाला प्रश्न पडतो, हा सगळा माल फेकायचा कशाला? फोडून खडी करावी आणि तीच वापरावी. खडी-वाळूचे भाव पाहता हा विचार चुकीचा नाही. पण ती खडी नेमकी कुठे वापरायची, यावर घराचे आयुष्य ठरते.

आपल्याकडची काळ्या पाषाणाची खडी कठीण आणि घट्ट असते, ती पाणी फारसे पीत नाही. जुने काँक्रीट फोडून मिळालेल्या खडीत दगडही तोच असतो, पण त्याला जुन्या सिमेंट-वाळूचा थर चिकटलेला असतो. हा थर सच्छिद्र. त्यामुळे अशी खडी साधारण तिच्या वजनाच्या ४ ते ६ टक्के, कधी त्याहूनही जास्त पाणी शोषते. खरी गोम इथेच आहे. कोरडी खडी मिक्सरमध्ये पडली की कालवलेले पाणी पिऊन टाकते, माल घट्ट होतो आणि मिस्त्री आणखी एक बादली ओततो. ताकद जाते ती या वाढीव बादलीने. म्हणून ही खडी आदल्या दिवशी भिजवून, निथळू देऊन वापरायची असते.

याची परीक्षा घरीही करता येते. उन्हात खडखडीत वाळवलेली १० किलो खडी २४ तास पाण्यात ठेवा, वरचे पाणी फडक्याने टिपा आणि पुन्हा वजन करा. साडेदहा किलो भरली तर शोषण ५ टक्के.

ताकदीचे गणित तसे निराशाजनक नाही. एकूण खडीपैकी पाचवा-चौथा हिस्सा अशी खडी घातली तर दाबाच्या ताकदीत फारसा फरक पडत नाही, असे जगभरचे प्रयोग सांगतात. सगळीच खडी जुनी घेतली, तर ताकद १० ते ३० टक्के कमी भरू शकते. शिवाय काँक्रीट सुकताना जास्त आकसते, भाराखाली जास्त लवते आणि तडे जाण्याची भीती वाढते.

टिकाऊपणाचा प्रश्न याहून नाजूक आहे. काँक्रीट अल्कधर्मी असते, म्हणून आतले गज गंजत नाहीत. छिद्रे जास्त असली की हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो आणि हे कवच कमजोर करतो. मग ओल पोहोचली की गज गंजून फुगतो, पोपडे पडतात. जुन्या घरांच्या सज्जाखाली उघडे पडलेले गज आपण सर्वांनीच पाहिले आहेत. फ्लाय अॅश मिसळलेले पीपीसी सिमेंट इथे मदत करते, ते छिद्रे बारीक करते. मात्र त्याला पाणी मारणे नीट आणि जास्त दिवस हवे. आपल्या भागातल्या एप्रिल-मेच्या उन्हात सात दिवसांवर भागत नाही.

भारतीय मानक ब्युरोने २०१६च्या ‘आयएस ३८३’ या मानकात या खडीला जागा दिली, तीही मोजून. गज नसलेल्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत. गज असलेल्या कामात २० टक्क्यांपर्यंत आणि तेही एम-२५ दर्जापर्यंतच. पायाखालच्या पीसीसीसारख्या एम-१५हून कमी दर्जाच्या कामात मात्र १०० टक्के. विटांचे तुकडे, प्लास्टर, फरशी असा मिश्र माल असेल तर तो फक्त या शेवटच्या प्रकारातच. पीओपीचा चुरा तर आधीच वेचून काढावा. त्यातले सल्फेट सिमेंटशी भांडते आणि काँक्रीट आतून फुगवते.

घरमालकासाठी याचा अर्थ असा की जुन्या स्लॅबची खडी कोब्याखाली, पीसीसीत, अंगणात बिनदिक्कत वापरावी. कॉलम, बीम, स्लॅबमध्ये वापरायची असेल, तर अभियंत्याने मिश्रण ठरवून दिल्याशिवाय आणि १५ सेंटिमीटरचे ठोकळे २८ दिवसांनी तपासल्याशिवाय नाही. एम-२५चा असा एक ठोकळा फुटायला ढोबळमानाने ५७ टनांचा दाब लागला पाहिजे. या तपासणीचा खर्च स्लॅबच्या खर्चापुढे किरकोळ असतो, तरी तोच आधी वाचवला जातो!

आणखी एक गोष्ट फोडणाऱ्या माणसाची. काँक्रीटच्या धुळीत बारीक सिलिका असते. ती वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला गमछा बांधून ही धूळ अडत नाही. फोडण्याआधी ढिगावर पाणी मारावे आणि मजुरांना एन-९५ मास्क द्यावेत. छपराचे जुने सिमेंटचे पत्रे त्या ढिगात असतील तर ते न फोडता अख्खेच बाजूला काढून ठेवावेत, त्यांत अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते.