फ्रिनिकसचा दंड : ग्रीक शोकात्मिका आणि नगरराज्य

ग्रीक शोकात्मिकेचे अध्यापन आपल्याकडे बहुधा ॲरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’पासून सुरू होते आणि विरेचनाच्या चर्चेत, ज्या नगराने ही नाटके घडविली ते अथेन्स दृष्टीआड होते. हेरोडोटसने नोंदविलेला एक प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. इ. स. पू. ४९४ मध्ये पर्शियनांनी मिलेटस हे अथेन्सशी रक्ताचे नाते सांगणारे नगर उद्ध्वस्त केले. फ्रिनिकसने त्यावर नाटक रचले. सारे प्रेक्षागार रडले. नगराने मात्र स्वकीयांच्या आपत्तीचे स्मरण दिले म्हणून कवीला एक हजार द्राख्मांचा दंड केला आणि त्या नाटकाच्या प्रयोगास कायमची बंदी घातली.

नगराला हा अधिकार कोठून आला? नाट्यप्रयोग हा डायोनिससच्या उत्सवाचा, म्हणजे राज्याच्याच धर्मकृत्याचा, भाग होता. कवींची निवड आर्कॉन हा अधिकारी करी. कोरसचा खर्च धनिक नागरिकावर सोपविलेला असे. पुढे साम्राज्यकाळात याच रंगस्थळी अंकित नगरांची खंडणी मांडली जाई आणि युद्धात पडलेल्यांचे पुत्र शस्त्रसज्ज होऊन मिरवत.

इ. स. पू. ४७२ मध्ये एस्किलसने ‘पर्शियन्स’मध्ये पराभवाचा शोक पुन्हा मांडला, पण तो शत्रूच्या राजधानीतला. कोरसचा खर्च तरुण पेरिक्लीसने केला, पहिले पारितोषिकही मिळाले. याला निव्वळ सावधगिरी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आठच वर्षांपूर्वी सलामिसला लढलेल्या प्रेक्षकांना शत्रुराजाच्या मातेचे दुःख ऐकावयास लावणे सोपे नव्हते.