बागेतील फुले कोणासाठी?

अर्थशास्त्राच्या वर्गात 'बाह्य लाभ' ही संकल्पना समजावून देताना एक उदाहरण हटकून दिले जाते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी ते १९५२ साली मांडले. सफरचंदाच्या बागेशेजारी मधपाळ राहतो. त्याच्या माश्यांना बागेतील मकरंद फुकट मिळतो, बागाईतदाराला मात्र त्याचा मोबदला मिळत नाही. म्हणून समाजाला हवी तितकी झाडे लावलीच जात नाहीत. १९७३ साली स्टीव्हन च्युंग यांनी हे उदाहरण मोडीत काढले. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात बागाईतदार व मधपाळ यांच्यात रीतसर करार होतात, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्याकडे हिमाचलातही मोहोराच्या दिवसांत मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने घेतल्या जातात. तेव्हा बाजार आपले काम चोख करतो, असे मानून विद्यार्थी वही मिटतो.

परंतु करार होतो तो पेटीतल्या माशीचा. आग्या माशी पेटीत राहत नाही. वाळक्या लाकडात भोक पाडून राहणारा काळा भुंगा तर कोणाचीच मालमत्ता नव्हे. वांग्याच्या फुलात मकरंद नसतो आणि पराग टोकाला छिद्र असलेल्या नळ्यांत कोंडलेला असतो. भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवतो तेव्हा तो भरभरून बाहेर पडतो. पेटीतल्या मधमाशीला ही करामत साधत नाही. वांगी सर्वांनाच हवीत, भुंग्याच्या पोटापाण्याची तरतूद मात्र कोणाच्याच हिशेबात नाही.

शहरातील बाग ही अशा जीवांची शिधावाटपाची दुकाने ठरू शकते. दुर्दैवाने आपण तेथे रिकाम्या बरण्या मांडून ठेवतो. रोपवाटिकेत खपतो तो भरगच्च पाकळ्यांचा गुलाब आणि दुहेरी जास्वंद. या फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात; डोळ्यांना मेजवानी, माशीला उपवास. एकेरी जास्वंदीवर शिंजीर येतो, एकेरी झेंडू, कॉसमॉस आणि सूर्यफूल यांवर माश्या येतात. मधमाशीला तांबडा रंग नीट दिसत नाही. निळा, जांभळा व पिवळा ती चटकन ओळखते.

याहून सोपा मार्ग स्वयंपाकघरातून जातो. कोथिंबिरीचा एखादा वाफा न खुडता फुलू द्यावा, बडीशेपही तशीच. तुळशीच्या मंजिऱ्या खुडण्याची आपली जुनी सवय आहे. त्यांतल्या निम्म्या राहू दिल्या तर सातेरी माश्यांची दिवसभर ये-जा सुरू होते. मात्र सारी फुले एकाच ऋतूत येऊन भागत नाही. पावसाळ्यात तेरडा, हिवाळ्यात झेंडू, उन्हाच्या तोंडाशी शेवगा आणि वैशाखात करंज, अशी साखळी हवी. फुलपाखरांना तर फुलाइतकेच पानही लागते. २०१५ साली आपण 'ब्लू मॉर्मन' हे राज्य फुलपाखरू म्हणून मिरवू लागलो. त्याच्या अळ्या लिंबूवर्गीय झाडांची पाने खातात, आणि गृहस्थ चाळण झालेले पान दिसताच फवारा घेऊन धावतो.

फवाऱ्याचे हे वेड संस्थात्मकही आहे. आमच्या परिसरातील एका गृहनिर्माण संस्थेने आग्या मोहोळ मशाल लावून जाळविले आणि त्याच सभेत हिरवळीसाठी निधी मंजूर केला. आग्याची भीती अनाठायी नाही. त्याच्या दंशाने माणसे दगावली आहेत. तथापि ही वसाहत ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करते. पुष्कळदा चार महिने खालची वाट बंद ठेवली तरी पुरे होते.

वैयक्तिक हौसेवर हा प्रश्न सोडून चालणार नाही, कारण लाभ शेजाऱ्याला आणि खर्च आपल्याला असा हा व्यवहार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने जैवविविधतेसाठी स्थापन झालेल्या आंतरसरकारी मंचाने २०१६ साली दिलेल्या अहवालानुसार, जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिके थोड्याफार प्रमाणात तरी प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर विसंबून आहेत. जेथे खासगी हिशेब अपुरा पडतो तेथे सार्वजनिक खरेदीने पुढे व्हावे, हे अर्थशास्त्राचे जुनेच सूत्र. नगरपालिकांची उद्याने आणि रस्तादुभाजक यांवरची रोपे निविदा काढूनच घेतली जातात. त्या निविदेत एकेरी फुलांच्या व देशी झाडांच्या रोपांचा ठरावीक हिस्सा बंधनकारक केला, तर रोपवाटिका तीच रोपे वाढवू लागतील आणि घरगुती गिऱ्हाइकालाही ती सहज मिळतील.