सुषिर वाद्यवृंद आणि एकल कंठस्वर : जॉन मॅकी यांची एक गीतमालिका

पाश्चात्त्य संगीतात एकल गायनास बहुधा पियानोची अथवा तंतुवाद्यप्रधान वाद्यवृंदाची साथ असते. सुषिर वाद्यांचा नाद भरदार असल्याने त्यांत कंठस्वर झाकला जाण्याचा धोका असतो. अमेरिकन संगीतरचनाकार जॉन मॅकी (जन्म १९७३) यांच्या 'साँग्ज फ्रॉम द एन्ड ऑफ द वर्ल्ड' (२०१५) या रचनेचा या दृष्टीने विचार करता येईल. सोप्रानो व लहान सुषिर वाद्यवृंदासाठी असलेल्या या तीन गीतांचे शब्द ए. ई. जॅक्स यांचे आहेत.

गीतांतील निवेदन 'ओडिसी'तील कॅलिप्सोचे आहे. महाकाव्याच्या पाचव्या सर्गात हर्मिस येतो, तेव्हा ती मागावर विणताना गात असते. परंतु त्या गाण्याचे शब्द होमर देत नाही. सात वर्षे तिच्या बेटावर राहिलेला ओडिसियस निघून गेल्यावर तिचे काय झाले, हेही तेथे येत नाही. ही अनुक्त बाजूच मॅकी यांच्या रचनेचा विषय होय. त्यामुळे कंठस्वर ऐकू येणे हा येथे केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही. मोजक्या वादकांमुळे शब्दांना अवकाश मिळतो. शिवाय वादक आणि गायिका दोघांचाही नाद श्वासातूनच उमटतो. साथीची मर्यादा ही अशा प्रकारे आशयाचीच गरज ठरते.